विंडोज ठेवू, की लिनक्स टाकू?

कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या सखल भागात डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. दुकानात चार कॉम्प्युटर. दोनांवर विंडोज ७, दोनांवर विंडोज १०. चारही क्रॅक मारून, म्हणजे परवाना न घेता, चालवलेले. डिझाइनचं कोरल आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअरही तसंच. गेल्या महिन्यात एका मशीनवरच्या सगळ्या फाइलींच्या नावांमागं विचित्र अक्षरं लागली, एकही फाइल उघडेना आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी आली. अकरा वर्षांच्या लग्नपत्रिका, तालीम मंडळांची पावतीपुस्तकं, जोतिबा यात्रेची हँडबिलं, सगळं त्यात. मिस्टर म्हणतात, "आपली काय बँक हाय व्हय? अँटिव्हायरस टाकूया आणि पुढं चालू." इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, "मावशी, सगळीकडं लिनक्स टाक, व्हायरसचा विषयच संपला." (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली, तिचा कोड, म्हणजे मूळ लिखाण, सगळ्यांना खुला असतो.) पंधरा वर्षं कोरलवर बसलेला ऑपरेटर म्हणतो, "लिनक्स आलं की मी घरी बसलो." ताईंचे प्रश्न तीन: मागितलेले पैसे भरू का? लिनक्स टाकू का? आणि ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, ते सॉफ्टवेअर चोरापासून सुरक्षित कसं?

ताई, पैसे भरू नका. भरून फाइली परत मिळतीलच याची खात्री कोणी देत नाही, आणि एकदा भरणारा पुन्हाही भरेल असं समोरचा धरून चालतो. पण घाईनं फॉरमॅटही मारू नका. आधी त्या मशीनची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. हार्डडिस्क काढून, वर तारीख लिहून बाजूला ठेवा आणि मशीनला नवी डिस्क लावा. जुनी डिस्क जपायची कारण फाइलींना लागलेल्या, आज न सुटणाऱ्या काही कुलपांच्या किल्ल्या पुढं कधीतरी पोलिसांच्या किंवा संशोधकांच्या हाती लागतात आणि मग त्या फुकट वाटल्या जातात. युरोपातल्या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम नेमकं हेच करतो. त्याच्या साइटवर बिघडलेल्या दोन फाइली आणि ती चिठ्ठी चढवली की हे कुठल्या जातीचं कुलूप आहे आणि त्याची किल्ली उपलब्ध आहे का, ते कळतं. चढवताना गिऱ्हाइकांची कागदपत्रं निवडू नका, एखादं जुनं हँडबिल निवडा. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा, तिथं मिनिटं मोजावी लागतात.

अकरा वर्षांचं काम तुम्हाला वाटतं तितकं गेलेलं नाही. पत्रिकेचं प्रूफ तुम्ही गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवलं असणार, छपाईची फाइल प्लेट काढणाऱ्याकडं मेलनं गेली असणार. तुमच्या मेलचा 'सेंट' फोल्डर, प्लेटवाल्याचं मशीन, ऑपरेटरच्या खिशातले पेनड्राइव्ह, दुकानाच्या फोनमधलं व्हॉट्सॲपचं डॉक्युमेंट फोल्डर, या चार ठिकाणी एक दिवस बसून धुंडाळा. चालणारे नमुने बरेचसे तिथंच सापडतील.

आता मिस्टरांचं म्हणणं. "आपल्याकडं काय आहे चोरायला" हे वाक्य कोल्हापुरातल्या निम्म्या दुकानांत ऐकू येईल, आणि त्यात एक गृहीत धरलेलं असतं: चोर आधी घर बघतो, मग येतो. इंटरनेटवर तसं होत नाही. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हा फाइली लॉक करणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यानं कुणाचं नाव विचारलं नव्हतं. विंडोजमधल्या एका भोकातून तो एका मशीनवरून पुढच्या मशीनवर आपोआप उड्या मारत गेला, आणि ब्रिटनमधली सरकारी इस्पितळं त्यात सापडली. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने ज्यांनी ती बसवली नाही ते अडकले. तुमच्या विंडोज ७ ला अशा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, विंडोज १० चा नेहमीचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यावर अँटिव्हायरस चढवणं म्हणजे दार उघडं ठेवून उंबऱ्यावर कुत्रं बांधणं. कुत्रं भुंकेल, पण दार उघडंच.

शिवाय चोरण्यासारखं तुमच्याकडं पुष्कळ आहे. ते तुमचं नाही, गिऱ्हाइकांचं आहे. डाउनलोड्सचं फोल्डर उघडून बघा: आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीच्या अर्जांचे पासवर्ड. ई-आधारच्या फाइलीचा पासवर्ड नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असा असतो, म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव आणि एखादा दाखला हाती असला की तो ओळखायला डोकं लागत नाही. म्हणून रोज दुकान बंद करताना डाउनलोड्स रिकामं करायचं आणि रीसायकल बिनही. गिऱ्हाइकाचं लॉगिन नेहमी ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडायचं, काम झालं की ती खिडकी बंद. गिऱ्हाइकानं तुमच्या मशीनवर स्वतःचं व्हॉट्सॲप जोडलं असेल तर ते त्याच्यासमोर लॉगआउट करून दाखवायचं. चालत असेल तिथं पहिले आठ अंक झाकलेलं आधार वापरायचं. याला एक रुपया लागत नाही, आणि विंडोज की लिनक्स याच्याशी त्याचा संबंधही नाही.

तुमच्या धंद्यापुरती आणखी एक गोष्ट. लग्नपत्रिका म्हणून फोनवर एपीके फाइल पाठवून बँक खाती रिकामी करण्याचा धंदा देशभर चालू आहे. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. पत्रिका ॲप म्हणून येण्याचं काही कारणच नाही, ती पीडीएफ, फोटो किंवा फार तर व्हिडिओ असते. तुम्ही पत्रिका बनवून देता, तेव्हा फाइल पाठवताना तेवढी एक ओळ जोडत जा. वऱ्हाडातल्या शंभर फोनपर्यंत ती पोहोचेल.

चिठ्ठीवाला व्हायरस आला कुठून, हे आता सांगता येणार नाही. पण क्रॅकवर संशय घ्यायला जागा आहे. क्रॅक बसवणारी फाइल आधी काय सांगते आठवा: अँटिव्हायरस बंद करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. म्हणजे राखणदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाच्या हाती सगळ्या किल्ल्या. त्यानं विंडोज ॲक्टिव्हेट केलं हे तुम्हाला दिसलं, आणखी काय केलं ते दिसलं नाही. कायद्याचंही सांगून ठेवतो. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिला आहे, आणि तुमचा तर धंदाच त्यावर चालतो. घाबरवायला म्हणत नाही. फक्त "फुकट पडतं" या हिशेबात हाही आकडा धरा.

आता भाचा. पोरगं हुशार आहे, पण 'विषयच संपला' हे बरोबर नाही. लिनक्सवर तुमचा एक रोजचा त्रास मात्र खरंच जातो: गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस. तो खऱ्या फोल्डरना लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट मांडतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं, म्हणून कुणाला कळतही नाही. ते शॉर्टकट विंडोजसाठी लिहिलेले असल्यामुळं लिनक्सवर नुसते पडून राहतात. लपवलेली फोल्डरं तिथं बहुधा सरळच दिसतात, नाही दिसली तर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबायचं, खरं फोल्डर उचलायचं, शॉर्टकट पुसून टाकायचे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह साफ करून दिला की तो खूश होतो, हा वरचा फायदा.

पण फसवा मेल, खोटी बँकेची साइट, ओटीपी विचारणारा फोन, यांना तुमच्या मशीनवर काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कोणी ऐकत नाही. पलीकडं बसलेला माणूस सज्जन आहे असं ते म्हणत नाही, आणि तसलं प्रमाणपत्र ठकालाही फुकट मिळतं.

"कोड सगळ्यांना दिसतो मग सुरक्षित कसं" हा तुमचा प्रश्न चांगला आहे. कुलूप कसं बनतं हे कारागिरांना ठाऊक असतं म्हणून कुलूप निकामी होत नाही, किल्ली गुप्त असली की पुरतं. पण उघडा कोड आपोआप तपासला जातो असंही नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका छोट्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. तो घुसवणाऱ्यानं दोनेक वर्षं इमानानं काम करून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागं लागला. कोड बंद असता तर त्याला एवढ्या खोलवर जाऊन बोट ठेवता आलं नसतं. आणि तो दरवाजा इतका पुढपर्यंत आला तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखतच, हेही तितकंच खरं.

मराठीत बरं आहे, आपल्याकडं 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन वेगळे शब्द आहेत. क्रॅक फुकट आहे, मुक्त नाही. लिनक्स मुक्त आहे आणि बहुतेक वेळा फुकटही. पण तेही कुठल्यातरी भलत्या साइटवरून उतरवलं तर क्रॅकएवढंच धोक्याचं.

मला विचाराल तर तुमच्या पत्रातला मुख्य प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. तुम्ही अडकलात ते विंडोजमुळं कमी आणि फाइलींमुळं जास्त. उद्या सगळीकडं लिनक्स टाकलं तरी अकरा वर्षांच्या पत्रिका त्यावर नीट उघडणार नाहीत. उद्या परवान्याचं नवं विंडोज आणि नवं कोरल घेतलं तरी पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली तिथं अडतील, कारण पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची.

उद्यमनगरात जाऊन आठ एमएमचा बोल्ट मागा. कुठल्याही दुकानातला, कुठल्याही लेथवर कातलेला बोल्ट तुमच्या नटात बसतो, कारण एम८ चा, म्हणजे आठ एमएमच्या बोल्टचा, आटा सव्वा एमएमचा हे ठरलेलं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. जुने मराठी फॉन्ट याच्या उलट. ते 'क' साठवत नाहीत. एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवतात आणि फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र दाखवतो. प्रत्येक कंपनीचा आटा वेगळा. फॉन्ट काढला की 'अंबाबाई'च्या जागी कचरा दिसतो, शोधायला गेलं तर सापडत नाही, व्हॉट्सॲपवर चिकटवलं तर गिऱ्हाईक विचारतं हे काय पाठवलं. युनिकोड हा एम८ सारखा ठरलेला आटा आहे. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तुमच्या फोनवर मराठी दिसतं ते त्यामुळंच. कागदपत्रांसाठी ओडीटी आणि पीडीएफ हेही असेच जाहीर साचे आहेत, दोन्हींना आयएसओचं मानक आहे.

म्हणून आधी फाइली मोकळ्या करा. सगळ्या नाही, तेवढा वेळ कुणाला नाही. गेल्या दोन वर्षांत पुन्हा लागलेले नमुने काढा: पत्रिकेचे पंधरा-वीस मजकूर, पावतीपुस्तकं, अर्जांचे मसुदे. त्यांचं मॅटर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टरला नेमका फॉन्ट सांगावा लागतो, एका फॉन्टचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही. चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळं जोडाक्षराला लागलेली वेलांटी भलतीकडं जाते. 'सूर्य'मधला रफार सरकतो. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतला अर्धा र हमखास बिघडतो. 'ॲड.' आणि 'डॉ.' तपासा. आणि मजकुरातले खरे इंग्रजी शब्द आणि मोबाइल नंबर मराठी समजून बदलले गेले नाहीत ना, हे नजरेनं वाचाच. पत्रिकेत नंबर चुकला तर पुन्हा छापून द्यावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. उरलेल्या जुन्या कामांची फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवली तरी पुरे. कर्व्ह केलेली प्रत प्लेटसाठी ठीक, पण तीच एक ठेवू नका, त्यात अक्षर उरत नाही, नुसती रेघ उरते. पेजमेकरची फाइल उघडायची असेल तर लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरच्या ड्रॉमध्ये टाकून बघा. मांडणी हलते, पण मॅटर बाहेर निघतं.

फॉन्टसाठी पैसे मोजायची गरज नाही. मुक्ता, बालू, नोटो, आयआयटी मुंबईचा शोभिका, सगळे मुक्त परवान्याचे आणि युनिकोडचे, छपाईच्या धंद्यातही बिनघोर वापरता येतात. पत्रिकेच्या नक्षीदार अक्षरांची निवड अजून कमी आहे, हे मान्य.

ऑपरेटरच्या रागाकडं दुर्लक्ष करू नका, त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. चार रंगांच्या ऑफसेटच्या कामात कोरलची जागा इंकस्केप हे मुक्त सॉफ्टवेअर सहज घेत नाही, कारण ते मुळात पडद्याच्या तीन रंगांत विचार करतं. पानं मांडायचं मुक्त सॉफ्टवेअर स्क्रायबस चार रंगांत काम करतं आणि १.६ या आवृत्तीपासून जोडाक्षरंही नीट जुळवतं, पण हात बसायला वेळ लागतो. तेव्हा त्याचं मशीन त्याला ठेवा: परवान्याचं विंडोज ११, परवान्याचं कोरल, आणि त्यावर गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह किंवा मेल अजिबात नाही. हिशेबाची टॅलीही विंडोजचीच, तीही त्याच मशीनवर बसेल. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तुमच्या विंडोज १० वाल्या दोनांपैकी एक बसतो का बघा, नाहीतर एवढं एकच मशीन नवं घ्यावं लागेल. बाकी तिन्हींवर मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. २ जीबी रॅमवर ती सुरू होते, ४ जीबीवर सुखानं चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. फॉर्म, झेरॉक्स, स्कॅन, मराठी टायपिंग, सगळ्यांचे पेनड्राइव्ह, ही कामं तिथं. टायपिंगला इन्स्क्रिप्ट शिकून घेतलेलं बरं. तोच कीबोर्ड विंडोजवर, लिनक्सवर आणि फोनवरही सापडतो.

बॅकअप मात्र आजच. दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्या, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडं वाचता येतील. एका शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरी. कॉपी झाली की डिस्क काढायची. लावून ठेवलेली डिस्क बॅकअप नव्हे, फाइली लॉक करणारा व्हायरस जोडलेलं सगळंच लॉक करतो. दोन्ही डिस्क एका वेळी कधीच जोडायच्या नाहीत. आणि शाहूपुरीत २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही पाहिलं आहे. म्हणून घरी न्यायची डिस्क दुकानामागच्या घरी नको, उंचावर राहणाऱ्या पाहुण्यांकडं ठेवा. गिऱ्हाइकांची कागदपत्रं त्यात घालू नका, फक्त तुमचं काम. महिन्यातून एकदा त्यातल्या कुठल्याही पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून बसलेले बरेच जण फसलेले आहेत.

भाच्याला आता काम द्या. मिंटच्या मूळ साइटवरून फाइल उतरवायची, तिथंच दिलेला तपासणीचा लांब आकडा जुळवून बघायचा, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती लिहायची आणि काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच मशीन सुरू करायचं. मग दुकानातला प्रत्येक प्रिंटर, स्कॅनर आणि असेल तर ठसे घेणारं यंत्र जोडून बघायचं. लिनक्सला पाय फुटतात किंवा मोडतात ते इथंच. एचपीच्या १०२० या प्रिंटरला कंपनीचा एक जोड वेगळा उतरवावा लागतो, तो टाकला की चालतो. आणि तुमच्याकडं कॅननचा एलबीपी २९०० असेल, जो झेरॉक्सच्या दुकानांत बऱ्याचदा असतोच, तर त्याच्याशी झटत बसू नका. त्याची भाषा कंपनीची स्वतःची आहे आणि नव्या लिनक्सवर तो फार छळतो. तो ऑपरेटरच्या विंडोजला जोडून द्या, आणि बाकीच्या मशीनवरून छापायचं असेल ते पीडीएफ करून नेटवर्कवरच्या एकाच ठरलेल्या फोल्डरमध्ये टाका. तिथं पीडीएफशिवाय दुसरं काही दिसलं तर उघडायचं नाही, एवढं ऑपरेटरला सांगून ठेवा.